नव्या घराची पारख

कापसाच्या हंगामात आदिलाबादच्या बाजारात गाडी आली, की मालात हात घातल्याशिवाय आपण भाव बोलत नाही. वरच्या थरावर कोणी भुलत नाही. मूठ आत खोल जाते, ओलावा मोजणारे यंत्र लागते, आणि तो शेकडा 8 भरला की 12, यावरून भावात फरक पडतो. एका गाडीसाठी एवढी दक्षता बाळगणारा व्यापारी आयुष्याची पुंजी ओतून घर घेतो तेव्हा मात्र रंगविलेल्या भिंती व चकाकणारी फरशी पाहून इसार देऊन मोकळा होतो, हे कोडे मला उलगडलेले नाही.

"घर नवे आहे, त्यात पाहायचे काय?" असे विचारले जाते. वस्तुतः जुन्या घराचे दोष अनेक पावसाळ्यांनी उघडे पाडलेले असतात. नव्याचे अद्याप गिलाव्याखाली झाकलेले असतात. रायगड जिल्ह्यात महाड येथे 24 ऑगस्ट 2020 रोजी कोसळलेली पाच मजली इमारत काही जुनापुराणा वाडा नव्हती. तिच्या ढिगाऱ्याखाली 16 जीव गेले.

आपल्याकडे तर जमिनीपासूनच सावध राहावे लागते. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. कपाशीला ती लक्ष्मी, पण पायाला वैरीण. माझ्या मेहुण्यांनी वैशाखात नवे घर घेतले. भाद्रपदात स्वयंपाकघराचे दार लागेना, व खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग वर चढली. "घर बसते आहे," असे ठेकेदाराने सांगितले. अखेर अभियंत्याने भिंतीलगत खड्डा घेऊन पाहिले, तो पाया काळ्या मातीतच थांबलेला. मुरूम आणखी दोन हात खाली होता! तो खड्डा इसारापूर्वी घेता आला असता. अभियंत्याचे शुल्क पुढील दुरुस्तीच्या मानाने कवडीमोल होते.

कायदा आहे, असे कोणी म्हणेल. 2016 च्या रेरा कायद्यान्वये ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा दोष निदर्शनास आणल्यास विकसकाने 30 दिवसांत विनामूल्य तो दूर करावयाचा असतो. परंतु जमीन 500 चौरस मीटरपेक्षा अधिक नसेल, किंवा घरे आठांहून अधिक नसतील, तर त्या योजनेस नोंदणीचे बंधन नाही. आपल्या गावची बहुतेक सुटी घरे या मर्यादेच्या आतलीच. तेव्हा खरेदीखतापूर्वीच डोळे उघडे ठेवणे आले. न्हाणीघरात दिवसभर पाणी कोंडून खालचे छत पाहावे, फरशीवर नाणे वाजवून पोकळ आवाज ऐकावा, भिंतीस ओळंबा लावावा. इतके तर घरच्या मंडळींनाही साधेल. पाया व तुळया मात्र जाणकारानेच पाहाव्यात, आणि तो जाणकार विकणाऱ्याने सुचविलेला नसावा.

खरी अडचण पैशाची नाही, भिडेची आहे. बांधणारा बहुधा ओळखीचा, कधी सोयरा. तपासणी म्हणजे अविश्वास, असे त्यास वाटेल अशी भीती. पण आपल्या गाठीचा नमुना कोणी काढला तर आपण रुसतो काय?

ही भीड एकट्याने मोडणे कठीण, संस्थेने मोडावी. दोन-तीन स्वतंत्र अभियंत्यांची नावे कार्यालयात ठेवावीत, व सभासदाने घर घेताना तपासणी हा संस्थेचा रिवाजच आहे असे निःसंकोच सांगावे. येत्या वार्षिक सभेत मी तसा ठराव मांडणार आहे. अनुमोदन देण्याचे मेहुण्यांनी कबूल केले आहे.