कागद त्यांनी लिहिला, पुरावा आपण का द्यायचा?



नाशिक रोड हे देशाच्या कागदांचं गाव आहे. नोटा इथे छापतात, पासपोर्ट आणि स्टॅम्प पेपरही इथेच छापतात. याच नाशिक रोड कॅम्पात तोफखान्याचं अभिलेख कार्यालय आहे. सैनिक त्याला साधं 'रेकॉर्ड ऑफिस' म्हणतात. तोफखान्यातला जवान देशाच्या कुठल्याही टोकाचा असो, त्याची भरती, बढती, लग्न, मुलं, आजारपण आणि निवृत्ती या सगळ्याची नोंद इथे असते. महार रेजिमेंटचं असंच कार्यालय मध्य प्रदेशात सागरला आहे, मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला.

हा लेख यांपैकी कोणत्याही एका कार्यालयाविरुद्ध नाही. प्रश्न पद्धतीचा आहे. सेवेच्या नोंदी लष्कर लिहितं आणि लष्करच सांभाळतं. जवान फक्त सही करतो, तीही बहुतेक वेळा न वाचता येणाऱ्या इंग्रजी फॉर्मवर. पण तीस वर्षांनी त्या नोंदीत चूक सापडली की ती चूक आहे हे सिद्ध करायची जबाबदारी त्याच्यावर येते. शपथपत्र त्याने करायचं, राजपत्रात जाहिरात त्याने द्यायची, हेलपाटेही त्यानेच घालायचे. हे उलटं आहे, आणि हे उलटं आहे असं म्हणण्याचा आपल्याला इतरांपेक्षा जास्त अधिकार आहे. तो कसा, ते पुढे सांगतो.

आधी चुका कोणत्या ते पाहू. पहिली नावाची. आपल्याकडे लग्नानंतर मुलीचं आडनावच नाही, पुष्कळदा नावही बदलतात. जवानाने लग्नाची खबर युनिटला दिली की ती 'पार्ट टू ऑर्डर'मध्ये प्रसिद्ध होते आणि मग पत्नीचं नाव रेकॉर्डवर चढतं. ती ऑर्डर निघालीच नसेल, किंवा तिच्यात माहेरचं नाव पडलं असेल आणि आधारवर सासरचं असेल, तर नवरा वारल्यावर बाईला आधी आपण त्याची बायको आहोत हे सिद्ध करावं लागतं. तोवर कुटुंब निवृत्तिवेतन अडकलेलं. आता 'स्पर्श' या ऑनलाइन प्रणालीत आधार आणि रेकॉर्ड जुळावं लागतं, त्यामुळे एका अक्षराचा फरकही पुरतो.

दुसरी चूक जन्मतारखेची. महाराष्ट्रात १ जूनला जन्मलेल्यांची संख्या का इतकी मोठी आहे हे वेगळं सांगायला नको. जन्माची नोंद नाही, शाळा जूनमध्ये उघडते, गुरुजींनी तारीख टाकून दिली. आपल्या वस्त्यांमध्ये तर आजी-आजोबांची पिढी अशीच वयाची झाली. वयाच्या ८०व्या वर्षी निवृत्तिवेतनात २० टक्के वाढ मिळते. विधवेची जन्मतारीख रेकॉर्डवर नसेल किंवा चुकीची असेल, तर ही वाढ कागदावरच राहते. त्या वयात वर्षभराचा उशीर म्हणजे काय, हे ज्याच्या घरात म्हातारं माणूस आहे त्याला विचारा.

तिसरी नोंद खास आपली. धर्मांतर १९५६ ला झालं, पण अनुसूचित जातीच्या केंद्रीय सवलती बौद्धांना मिळायला १९९० साल उजाडावं लागलं. त्या चौतीस वर्षांत कितीतरी घरं मनाने बौद्ध आणि कागदावर हिंदू-महार राहिली. त्याच काळात भरती झालेल्या जवानाच्या कागदावर 'हिंदू' आहे, मुलाच्या दाखल्यावर 'बौद्ध' आहे, एका भावाने गावावरून आडनाव घेतलं आणि दुसऱ्याने जुनंच ठेवलं. मग मुलाच्या जात पडताळणीच्या वेळी बापाचे कागद मागितले जातात आणि प्रश्नांची सरबत्ती सुरू होते. ही लबाडी नाही, इतिहास आहे. खुद्द बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ, आणि मुलगा आंबेडकर. आंबडवे गावावरून आलेलं आडनाव शाळेत बदलत गेलं. आजच्या संगणकाने बाप-लेकाची ही दोन आडनावं 'मॅच होत नाहीत' म्हणून परत पाठवली असती.

आता अधिकाराची गोष्ट. लष्कराच्या नोंदी दुरुस्त करून मागणं हे आपल्या चळवळीचं अगदी पहिल्या पिढीपासूनचं काम आहे. १८९० च्या दशकात इंग्रजांनी महारांची सैन्यभरती बंद केली. कारण दिलं 'लढाऊ जाती'चं: जे पिढ्यान्‌पिढ्या लढले ते एका हुकुमाने लढाऊ नाहीत असं ठरलं. निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये त्याविरुद्ध विनंतीअर्ज तयार केला. १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी थेट भारतमंत्र्यांकडे अर्ज पाठवला. त्यांचा युक्तिवाद साधा होता: आमच्या बापजाद्यांनी केलेली नोकरी तुमच्याच दप्तरात आहे, ती उघडून बघा. कोरेगावच्या स्तंभावर 'नाक' हा प्रत्यय असलेली नावं सरकारनेच कोरली आहेत, ती वाचा. १९१७ मध्ये गरज पडली तेव्हा १११वी महार पलटण उभी केली, १९२१ मध्ये मोडून टाकली. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली, तेव्हा वलंगकरांच्या अर्जाला ४७ वर्षं झाली होती. ही लढाई भरतीची होती, तशीच खोट्या नोंदीविरुद्धचीही होती.

जगातही हे घडलं आहे. १९०६ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात ब्राउन्सव्हिल गावी रात्री गोळीबार झाला. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी खटला न चालवता १६७ कृष्णवर्णीय सैनिकांना सन्मान काढून घेऊन घरी पाठवलं. नोकरी गेली, पेन्शन गेलं आणि रेकॉर्डवर डाग राहिला. १९७२ मध्ये, म्हणजे ६६ वर्षांनी, अमेरिकी लष्कराने त्या नोंदी दुरुस्त केल्या. तोवर हयात असल्याचं आढळलेला डॉर्सी विलिस म्हातारा झाला होता. त्याला २५ हजार डॉलर मिळाले, बाकीच्यांचा डाग त्यांच्या मरणानंतर पुसला गेला. यातून दोन गोष्टी घ्यायच्या. सरकार ठरवेल तर साठ वर्षांपूर्वीची नोंदही दुरुस्त होते. आणि उशिरा झालेली दुरुस्ती बहुतेकांच्या उपयोगाची राहत नाही. अमेरिकेत लष्करी नोंदी दुरुस्त करण्यासाठी नागरी सदस्यांचं स्वतंत्र मंडळ आहे, तिथे सैनिक साधा फॉर्म भरून जाऊ शकतो. आपल्याकडे कार्यालयाने नाही म्हटलं की पुढची पायरी थेट न्यायाधिकरण.

यावर एक आक्षेप येतो आणि तो खोटा नाही. जन्मतारीख मागेपुढे करून नोकरी वाढवून घेण्याचे प्रकार होतात, म्हणून नियम कडक हवेत. मान्य. लष्करप्रमुख जनरल व्ही. के. सिंह यांचंच बघा. लष्कराच्या मुख्यालयात एका शाखेकडे त्यांचं जन्मवर्ष १९५० आणि दुसरीकडे १९५१ होतं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि फेब्रुवारी २०१२ मध्ये त्यांनी याचिका मागे घेतली. पण यातून निघतं काय? दोन शाखांमध्ये दोन तारखा जवान लिहीत नाही, आणि लष्करप्रमुखांचंही निस्तरत नसेल तर शिपायाने काय करायचं? शिवाय निवृत्त झालेल्या माणसाच्या बायकोच्या नावातलं एक अक्षर दुरुस्त केल्याने कोणाची नोकरी वाढते? सेवेतल्या माणसासाठी केलेला संशयाचा नियम विधवेला लावू नका, एवढंच आमचं म्हणणं आहे.

पुराव्याचं ओझं कार्यालयावर टाकणं अशक्य नाही. २०१३ च्या धरमवीर सिंह प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तेच केलं. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर आजार नोकरीत जडला असं मानायचं, नसल्याचं लष्कराने दाखवायचं. अपंगत्व पेन्शनला जे तत्त्व लागतं ते नावाला आणि तारखेला का नको? आणि पेन्शन न मिळालेल्या सैनिकांचे कागद २५ वर्षांनी नष्ट करण्याची तरतूद आहे. जो कागद तुम्ही जाळला त्याचा पुरावा आमच्याकडे मागणार?

म्हणून आमच्या मागण्या तीन आहेत. निवृत्तीच्या दिवशी प्रत्येक जवानाला त्याच्या संपूर्ण नोंदीची प्रत, त्याला कळेल अशा भाषेत मिळावी. नाव, धर्म, आडनाव आणि कुटुंबीयांची जन्मतारीख यांतल्या दुरुस्तीसाठी नागरी सदस्य असलेलं मंडळ असावं आणि त्याला मुदत असावी. धर्मांतरामुळे आलेली तफावत ही तफावत नाही, इतिहास आहे, असं लेखी परिपत्रक निघावं.

मागण्या मान्य होईपर्यंत कार्यकर्त्यांनी थांबायचं कारण नाही. आपल्या वस्तीतल्या माजी सैनिकांचे आणि वीरपत्नींचे कागद आजच काढा, माणूस हयात असतानाच. डिस्चार्ज बुक, पीपीओ, आधार आणि पासबुक या चार कागदांवर नाव आणि तारीख एकच आहे का ते ताडून बघा. फरक असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत संबंधित रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करा आणि पोच घ्या. रेकॉर्डवर नेमकं काय आहे हे कळत नसेल तर माहिती अधिकारात दहा रुपयांत प्रत मागा, ३० दिवसांत उत्तर यायला हवं. रीतसर निवेदनावर सहा महिन्यांत निर्णय झाला नाही तर सशस्त्र दल न्यायाधिकरणात जाता येतं. मुंबईत त्याचं खंडपीठ आहे, आणि कायद्याने वारसांनाही तिथे जाता येतं.

दर १ जानेवारीला आपण कोरेगावला जातो आणि दगडावरची नावं वाचतो. ती नावं टिकली कारण ती कोणाला खोडता आली नाहीत. आपल्या गल्लीतल्या म्हाताऱ्या सैनिकाचं नाव फाईलमध्ये आहे, ते खोडलंही जातं आणि चुकतंही. प्रत्येक विहारात रविवारी दोन तास, एक टेबल आणि इंग्रजी वाचता येणारे दोन तरुण एवढं पुरेसं आहे. वलंगकरांकडे तेवढंही नव्हतं.

जय भीम.