सरकार जवळचे की लांबचे?



हल्ली बैठकीत एक युक्तिवाद वारंवार कानावर येतो. दिल्ली लांब म्हणून वाईट. सत्ता राज्याकडे, जिल्ह्याकडे आली की शेतकऱ्याचे भले होईल. आमची शिकलेली पोरे त्याला अमेरिकेचा दाखला जोडतात. हॅमिल्टन केंद्राचा आणि पैसेवाल्यांचा, जेफर्सन राज्यांचा आणि शेतकऱ्यांचा, तेव्हा आपण जेफर्सनच्या बाजूचे! कृषी महाविद्यालयातून बाहेर पडलो तेव्हा आम्हीही असेच बोलत होतो. पुढे तो इतिहास नीट वाचला आणि आमचे मत बदलले.

इंग्रजांशी लढाई संपली १७८३ साली. त्या वेळी अमेरिकेत केंद्र जवळजवळ नव्हतेच. तेरा राज्यांची सैलसर जूट होती. काँग्रेसला कर बसवायचा अधिकार नव्हता, ती राज्यांकडे पैशासाठी हात पसरायची. म्हणजे आमच्या मित्रांना हवे तसे, सत्ता राज्याकडे. मग मॅसॅच्युसेट्सच्या शेतकऱ्याचे काय झाले?

राज्यावर लढाईचे कर्ज होते. बोस्टनच्या विधिमंडळाने ते भराभर फेडायचे ठरवले आणि जबर कर लावला, तोही रोख नाण्यात. शेतकऱ्याकडे धान्य होते, जनावरे होती. नाणे कुठून आणायचे? विलायतेच्या व्यापाऱ्याने बोस्टनच्या व्यापाऱ्याची उधारी आवळली, त्याने गावच्या दुकानदाराची, दुकानदाराने शेतकऱ्याची. कोर्टाचे हुकूम निघाले. जनावरे गेली, जमिनी गेल्या, कर्जापायी माणसे तुरुंगात गेली. यातले कित्येकजण लढाईत शिपाई होते. त्यांना पगार म्हणून सरकारने कागद दिले होते आणि पोटासाठी त्यांनी ते कवडीमोलाने विकून टाकले होते.

१७८६ च्या उन्हाळ्यात गावोगाव सभा झाल्या, अर्ज गेले. विधिमंडळाने दाद दिली नाही. तेव्हा ऑगस्टच्या अखेरीस शेतकऱ्यांनी नॉर्थॅम्प्टनचे कोर्ट बसूच दिले नाही. कोर्ट नाही तर हुकूमनामा नाही, इतका साधा हिशेब. डॅनियल शेज नावाचा लढाईतला कॅप्टन त्यांच्यात होता. उठावाला त्याचेच नाव पडले. सरकारची तिजोरी रिकामी, म्हणून बोस्टनच्या धनिकांनी वर्गणी काढून फौज उभारली! वसुलीसाठी वर्गणीची फौज, हे आम्ही दुसरीकडे कुठे वाचलेले नाही. २५ जानेवारी १७८७ ला स्प्रिंगफील्डच्या शस्त्रागारापाशी तोफ डागली गेली, चार शेतकरी मेले. पुढे दोघांना फाशी झाली. मात्र त्याच वर्षीच्या निवडणुकीत लोकांनी गव्हर्नर बदलला आणि कराचा बोजा हलका झाला.

हे सगळे केले राज्य सरकारने. केंद्राचा इथे हात नव्हता, कारण केंद्राला हातच नव्हता.

या उठावाने घाबरलेली मोठी माणसे १७८७ च्या मे महिन्यात फिलाडेल्फियाला जमली आणि बंद दाराआड राज्यघटना लिहिली. तिच्या पहिल्या परिच्छेदातली दोन कलमे कापूसवाल्याने दोनदा वाचावीत अशी आहेत. एक, राज्यांनी कागदी चलन काढायचे नाही आणि कराराची बंधने कमजोर करणारा कायदा करायचा नाही; म्हणजे कर्जात सूट मागणाऱ्या शेतकऱ्याला राज्याचे दार बंद. दुसरे, कोणत्याही राज्यातून निर्यात होणाऱ्या मालावर कर लावायचा नाही. हे दुसरे दक्षिणेतल्या मळेवाल्यांनी अडून बसून घालून घेतले. शेतमाल बाहेर विकून जगणाऱ्याला नेमके काय मागायचे ते त्यांना कळत होते.

ही घटना मंजूर करायची की नाही यावर राज्याराज्यांत भांडण जुंपले. मॅसॅच्युसेट्सच्या सभेत दोन खेडवळ माणसे बोलली. एमॉस सिंगलटरी म्हणाला, हे वकील, हे शिकलेले आणि पैसेवाले लोक गोड बोलून सगळी सत्ता घेतील आणि आम्हा लहान माणसांना गिळून टाकतील. जोनाथन स्मिथ हाही नांगरधारी. तो म्हणाला, सरकार ढिले पडले की काय होते ते आम्ही गेल्या साली पाहिले. पैसेवाल्याला घटना आवडते म्हणून मी ती वाईट कशी म्हणू? स्मिथला कुणी विकत घेतले होते असे समजू नका. अराजकाची धग त्याने सोसली होती. ६ फेब्रुवारी १७८८ ला घटना १८७ विरुद्ध १६८ मतांनी निसटती मंजूर झाली. सिंगलटरीचा पक्ष हरला. पण देशभरच्या अशा हट्टी माणसांमुळेच १७९१ मध्ये नागरिकांच्या हक्कांच्या दहा दुरुस्त्या घटनेत आल्या. हरलेल्यांनी एवढे पदरात पाडून घेतल्याची उदाहरणे थोडी.

आता हॅमिल्टन. खजिन्याचा मंत्री म्हणून १७९० मध्ये त्याने ठरवले, लढाईचे सगळे कागद पूर्ण किमतीने फेडायचे, आज ज्याच्या हातात असतील त्याला. मूळ शिपायालाही वाटा द्या, असे मॅडिसनने सुचवले. ३६ विरुद्ध १३ मतांनी ते फेटाळले गेले. शिपायाने चार आण्याला विकलेल्या कागदाचा रुपया सटोडियाला मिळाला, आणि तो भरायला १७९१ मध्ये व्हिस्कीवर कर बसला. दारूवरचा कर म्हणून हसू नका. पेनसिल्वेनियाच्या पश्चिमेला रस्ते नव्हते. घोड्यावर धान्य लादून डोंगर ओलांडणे परवडत नसे, म्हणून शेतकरी राय गाळून व्हिस्कीच्या रूपाने ती विकत. त्या भागात व्हिस्की हेच नाणे होते. मोठ्या भट्टीवाल्याला कर हलका पडे, लहानाला जड. १७९४ ला लोक उठले तेव्हा वॉशिंग्टनने सुमारे तेरा हजारांची फौज धाडली.

इथपर्यंत आमचे मित्र खूश असतील. पुढचे ऐका. १८०१ मध्ये जेफर्सन अध्यक्ष झाला आणि पुढच्या वर्षी तो कर गेला. शाबास! पण डिसेंबर १८०७ मध्ये याच जेफर्सनने, इंग्लंड-फ्रान्सला वठणीवर आणायचे म्हणून, देशाची निर्यातच बंद केली. निर्यातीवर कर लावायला घटनेची मनाई होती ना? कर नाही लावला, दारच लावून घेतले. वर्षभरात निर्यात सुमारे १० कोटी ८० लाख डॉलरवरून २ कोटी २० लाखांवर आली. कापूस, तंबाखू, गहू गोदामात पडून राहिले. सरहद्दीकडे जाणारा माल नुसत्या संशयावरून अडवायचा अधिकार अंमलदारांना मिळाला. मार्च १८०९ पर्यंत हे चालले. हॅमिल्टनने जे कधी केले नाही ते शेतकऱ्याच्या कैवाऱ्याने केले.

आणखी एक गोष्ट दडवून चालणार नाही. हा कैवारी आयुष्यभरात सहाशेहून अधिक गुलामांचा मालक होता. १७९३ मध्ये सरकी काढायचे यंत्र आले आणि दक्षिणेत कापूस फोफावला, तो त्या गुलामांच्या पाठीवर. पुढे 'राज्यांचे अधिकार' ही घोषणा तिथे सर्वांत मोठ्याने कुणी दिली? या गुलामांच्या मालकांनी. जवळच्या सरकारपासून त्या माणसांना कोण वाचवणार होते?

आपल्याकडे १९७२ पासून पुढे अनेक वर्षे कापूस एकाधिकार खरेदीत कोंडला, सीमेवर गाड्या अडवल्या, त्या मुंबईच्या सरकारने. मार्च २०१२ मध्ये कापसाची निर्यात बंद केली दिल्लीने. गाडी अडवणारा शिपाई कुणाच्या पगारावर आहे, याने बैलाला काय फरक पडतो?

येत्या जिल्हा बैठकीत 'राज्याला जादा अधिकार द्या' असा ठराव येतो आहे. त्याला आमची दुरुस्ती आहे: शेतमालाची विक्री, वाहतूक आणि निर्यात अडवण्याचा अधिकार केंद्राला नको, राज्याला नको, जिल्हा परिषदेलाही नको, असे त्यात स्पष्ट लिहावे. दुरुस्ती मान्य झाली तर आम्ही ठरावाच्या बाजूने हात वर करू. नाही तर विरोधात बोलू.