बारा माणसं, चौदा दिवस

आपल्या पोरांनी व्हिडिओ गेम बनवावेत असं म्हटलं की दोन प्रकारचे लोक बोलायला उठतात. पहिले म्हणतात, पोरं आधीच मोबाईलमध्ये डोकं घालून बसलेली, त्यात हे नवं खूळ कशाला? एमपीएससीचा अभ्यास करा म्हणावं. दुसरे म्हणतात, वा! मग बाबासाहेबांवर एक भव्य गेम काढू, महाडपासून दीक्षाभूमीपर्यंत, थ्रीडीमध्ये. दोघांचाही हेतू चांगला असतो. आणि दोघांमुळेच वस्तीतल्या पोराचा पहिला गेम लॅपटॉपच्या एका फोल्डरमध्ये पडून राहतो.

गेम बनवणं ही आता मोठी अडचण राहिलेली नाही. गोडो नावाचं गेम इंजिन २०१४ पासून मुक्त आहे. त्याला परवान्याचा पैसा लागत नाही, ते जुन्या लॅपटॉपवर चालतं, अँड्रॉइड फोनवरही चालतं. शिकवणारे व्हिडिओ यूट्यूबवर ढिगाने आहेत. मी काम करते त्या वस्तीतल्या एका मुलाने असाच एक गेम बनवला. पाण्याचा टँकर येतो, तो निघून जाण्याआधी घरातले सगळे हंडे भरायचे. मध्येच कोणीतरी रांगेत घुसतं, पाईप सुटतो, धाकटी बहीण रडायला लागते. दहा मिनिटांचा खेळ आहे, पण खेळताना घाम फुटतो. हा गेम तयार होऊन महिने झाले. तरी तो तुमच्या फोनवर नाही, कारण तो प्रकाशितच झालेला नाही.

का नाही? पैशाचं कारण सगळ्यांना पटकन पटतं, पण ते अर्धंच खरं आहे. गूगल प्ले स्टोअरवर खातं उघडायला एकदाच २५ डॉलर लागतात, म्हणजे दोन हजारांच्या थोडं वर. संगणकावरच्या गेमसाठी स्टीम दर गेममागे १०० डॉलर घेतं आणि गेमने १,००० डॉलरची विक्री केली की ते परत करतं. इच डॉट आयओवर तर काहीच लागत नाही. गेम चढवा, लिंक पाठवा, समोरचा ब्राउझरमध्ये खेळतो. तिथूनच सुरुवात करावी हे माझं मत. पण आपले लोक गेम शोधतात तो प्ले स्टोअरवर, आणि तिथला खरा अडसर वेगळा आहे.

१३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्यांना गूगलने एक नियम लावला. गेम जगासमोर आणण्याआधी ठरावीक टेस्टर सलग १४ दिवस जोडलेले असले पाहिजेत. आधी २० माणसं लागत, डिसेंबर २०२४ मध्ये ती १२ केली. बारा माणसं, चौदा दिवस. ऐकायला किती सोपं! पुण्यातल्या नावाजलेल्या इंजिनीअरिंग कॉलेजातला मुलगा हॉस्टेलच्या ग्रुपवर एक मेसेज टाकतो आणि संध्याकाळपर्यंत त्याला तीस जण मिळतात. आमच्या पोराला पहिल्या दिवशी आठ मिळाले. एकाच्या फोनची मेमरी भरलेली. दुसऱ्याने चौथ्या दिवशी ॲप काढून टाकलं, कारण दादा ओरडला. तिसऱ्याचा रिचार्ज संपला. समाजशास्त्रात याला सामाजिक भांडवल म्हणतात. बाहेर त्यालाच मेरिट म्हणतात.

आता आपल्याकडे बघा. प्रत्येक विहाराचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. जयंती समितीचा वेगळा, कर्मचारी संघटनेचा वेगळा, महिला मंडळाचा वेगळा. शेकडो माणसं त्यात सकाळी फुलांची चित्रं आणि जय भीम टाकतात. त्यातून बारा माणसं चौदा दिवसांसाठी मिळू नयेत, हा दोष गूगलचा नाही, आपला आहे.

प्रकाशनाचं महत्त्व आपल्याला कोणी बाहेरून येऊन शिकवायची गरज नाही. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ निघाला तेव्हा बाबासाहेबांकडे परदेशी विद्यापीठाचं शिक्षण होतं, लेखणी होती, विचार होता. नव्हतं ते छापून लोकांपर्यंत पोचायचं साधन. शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले. ‘केसरी’ने पैसे घेऊनसुद्धा साधी जाहिरात छापायला नकार दिला. तेव्हा दार छापखान्याच्या आणि वर्तमानपत्राच्या जागेवर अडवलं जायचं, आज ते ॲप स्टोअरच्या नियमांवर अडतं. फरक एवढाच की आजचा नियम सगळ्यांना सारखा आहे, फक्त तो पार करायची शिडी सारखी नाही. दर ६ डिसेंबरला शिवाजी पार्कवर जमिनीवर फडकं टाकून दहा-वीस रुपयांच्या पुस्तिका विकणाऱ्या माणसाला आपण कधी विचारलं का, की ही महाकादंबरी का नाही? पोराचा पहिला गेम ही तशीच पुस्तिका आहे. तिला आधी बाहेर पडू द्या.

बाबासाहेबांवर गेम नको असं माझं म्हणणं मुळीच नाही. पण टँकरचा गेम पाहून आमच्याच एका ज्येष्ठ कार्यकर्त्याने विचारलं, “यात चळवळ कुठे आहे?” रांगेत, दादा! पाण्याच्या रांगेत आहे. पुण्याच्या स्टुडिओतून २०२० मध्ये ‘राजी’ आला, त्यात देवी दुर्गेची निवड झालेली मुलगी राक्षसांशी लढते. गेम देखणा आहे, मेहनतीचा आहे. २६ जानेवारी २०२१ ला ‘फौजी’ आला, त्यात सीमेवरचं युद्ध. भारतीय गेम म्हटलं की पुराण नाहीतर सरहद्द, हीच ओळख होऊन बसली आहे. त्यात हंडा, चाळीतलं कॉमन नळकोंडाळं, ऊसतोडीची खोपी, समाजकल्याणचं वसतिगृह कोण आणणार? ज्याने ते जगलंय तोच. त्याला पहिल्याच घासाला महापुरुषाचं चरित्र पेलायला लावू नका.

पैशाच्या ऑनलाइन रमीने घरं बुडाली, म्हणून गेम या शब्दाचीच भीती बसलेल्या आई-बापांना मी दोष देत नाही. वस्तीत मी ते पाहते. पण ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने बंदी घातली ती पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर. गेम बनवणं ही कारागिरी आहे. जुगाराशी तिचा संबंध नाही, हे घरोघर जाऊन सांगावं लागेल.

आणखी एक गोष्ट, जिच्याबद्दल गेम शिकवणाऱ्या महागड्या संस्थांत कोणी अवाक्षर काढत नाही. वैयक्तिक खात्यातून कमाई सुरू केली की प्ले स्टोअर बनवणाऱ्याचं कायदेशीर नाव आणि पूर्ण पत्ता जाहीर दाखवतं. आडनाव आणि त्याखाली ‘भीमनगर’ किंवा ‘सिद्धार्थनगर’. यानंतर खालच्या अभिप्रायांत काय येऊ शकतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. म्हणून पहिला गेम फुकट ठेवावा. पुढे कमाईचा विचार आला तर नोंदणीकृत संस्थेच्या खात्यातून काढण्याचा पर्याय आहे. पण मग संस्थेने लेखी द्यावं की गेमचा मालक मुलगाच, पैसा त्याचा, आणि तो म्हणेल तेव्हा गेम त्याच्या खात्यावर हलवला जाईल. प्ले स्टोअरवर ॲप असं हलवता येतं. आपल्याच संस्थांमध्ये पोरांच्या कामावर अध्यक्षांचं नाव लागतं, हेही माहीत असल्याने लेखी म्हणते.

मे २०२५ मध्ये मुंबईत वेव्हज परिषदेत सृजनशील अर्थव्यवस्थेच्या मोठमोठ्या गप्पा झाल्या. बार्टी स्पर्धा परीक्षांचं प्रशिक्षण देते, ते हवंच. पण अनुसूचित जातीच्या तरुणांचा पहिला गेम प्रकाशित होईपर्यंतचा खर्च आणि मार्गदर्शन ही योजना बार्टीकडे मागायला काय हरकत आहे? मागणीचं निवेदन आपण लिहू. ते मंजूर होईपर्यंत जयंतीच्या वर्गणीतून २५ डॉलर काढा. डीजेला माझा विरोध नाही, पण त्याच्या एका तासात हे खातं उघडून होतं.

टेस्टर होणं म्हणजे काय, तेही सांगते. लिंक आली की आपल्या गूगल खात्याने जोडून घ्यायचं, गेम डाउनलोड करायचा, चौदा दिवस बाहेर पडायचं नाही, अधूनमधून खेळायचं आणि काय बिघडलं ते लिहायचं. ‘छान आहे, जय भीम’ याचा त्या पोराला उपयोग नाही. ‘टँकर गेल्यावरही तिसरा हंडा भरत राहतो’ याचा आहे. त्याच्याकडे आज नऊ जण आहेत. अजून तीन हवेत, आणि कोणी गळालंच तर म्हणून वर आणखी चार-पाच. ज्यांच्याकडे अँड्रॉइड फोन आहे त्यांनी मला कळवा.