कुर्डूचं बी राखून ठेवा

पावसाळा सरताना चिखलीतल्या मोकळ्या प्लॉटांवर कुर्डू फुलतो. टोकाला गुलाबी, खाली रुपेरी तुरा. कापून ठेवला की बरेच दिवस टिकतो, वाळला तरी रूप सोडत नाही. तरीही फुलदाणीसाठी आपण जरबेराच विकत आणतो, हे मला खटकतं. कोवळ्या कुर्डूची भाजी करणाऱ्या घरांना तरी त्याची ओळख आहे! वाळलेला तुरा कागदावर झटकला की खसखशीहून जरा मोठं, काळं चकचकीत बी पडतं. जूनमध्ये ते रेतीत मिसळून भरपूर उन्हाच्या जागी भुरभुरायचं, वर मातीचा पातळ थर द्यायचा. गौरीचा तेरडाही बियांवरच येतो. त्याची बोंडं मात्र तडकण्याआधी तोडावी लागतात. बी गोळा करताना निम्मं तरी झाडावरच राहू द्या.