पट्टीवर रेघ उमटली, पण बोंड वाचेल का? कपाशी बियाण्याच्या जनुक तपासणीचा खरा अर्थ

बुलढाणा : मृग जवळ आला की मलकापूर, नांदुरा, जळगाव जामोद, संग्रामपूर पट्ट्यात बिनपावतीच्या कपाशी बियाण्याची कुजबुज सुरू होते. लोक त्याला ‘चोर बीटी’ म्हणतात, कागदावर ते एचटीबीटी. सरकारची मंजुरी नाही. तरी घेतलं जातं, कारण निंदणाची मजुरी परवडत नाही आणि या पराटीवर ग्लायफोसेट मारलं तर तण जळतं, पराटी उभी राहते. निदान विकणारा तरी तसंच सांगतो.

तो खरं बोलतो का, हे तपासायची दोन साधनं आहेत.

एक म्हणजे पट्टी. कोविडची रॅपिड टेस्ट आठवा, तसंच हे. पानाचा नखाएवढा तुकडा द्रावणात कुटायचा, पट्टी बुडवायची, काही मिनिटं थांबायचं. बाहेरून घातलेल्या जनुकामुळे तयार होणारं प्रथिन पानात असेल तर दुसरी रेघ उमटते. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने बीटी ओळखायचे असे किट कधीचेच तयार केलेत.

दुसरं पीसीआर. आरटीपीसीआरचं नाव आता घरोघरी माहीत आहे, त्याच घराण्यातली ही तपासणी. प्रयोगशाळेत बियाण्यातला डीएनए काढतात आणि त्यातला हवा तेवढाच तुकडा दर फेरीला दुप्पट करतात. तीस फेऱ्यांत एकाचे शंभर कोटींवर होतात, म्हणून जनुक लपत नाही. ही युक्ती १९८३ मध्ये अमेरिकेच्या कॅरी मुलिस यांना सुचली, १९९३ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

गफलत होते ती इथून पुढे. रेघ आली म्हणजे पीक आलं, असं नाही. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने विदर्भातली कपाशी खाल्ली तेव्हा मंजूर बोलगार्ड-२ मध्ये बीटीची दोन्ही जनुकं होतीच. पट्टीवर रेघ दिसलीच असती. अळीच त्या विषाला सरावली होती, त्याला पट्टी काय करणार? उगवण किती होईल, हेही ती सांगत नाही. आणि एका बियाची तपासणी म्हणजे अख्ख्या पाकिटाची नव्हे. पाकिटात भेसळ असली तर ग्लायफोसेट मारल्यावर तणासोबत निम्मी पराटीही जळू शकते.

आता साधनंही जुनी पडायला लागलीत. ४ मे २०२५ ला केंद्राने जनुक संपादनाने तयार केलेल्या भाताच्या दोन जाती जाहीर केल्या. यात बाहेरचं जनुक राहत नाही, पिकाच्या स्वतःच्याच जनुकात बारीक बदल केलेला असतो. उद्या कपाशीत तसं वाण आलं तर या पट्टीला शोधायला काही उरणार नाही. बदल नेमका कुठे केलाय, हे माहीत असेल तरच प्रयोगशाळा तो ओळखेल.

तपासणी बहुतेकदा छापा पडल्यावर होते. त्याने खटला उभा राहतो, शेतकऱ्याचा हंगाम नाही. पट्टीची सोय पेरणीआधी तालुका कृषी कार्यालयात, मागेल त्याला मिळायला हवी. ते होईपर्यंत एक व्यवहार समजून घ्या : बियाणं फसलं तर तक्रार तालुका तक्रार निवारण समितीकडे जाते, आणि तिथे पहिला प्रश्न पावती अन् लॉट नंबरचा असतो. चोर बीटीवाल्याकडे दोन्ही नसतात. मंजूर बियाणं घेतलं असेल तर पाकीट, टॅग, पावती आणि मूठभर सरकी वेचणी संपेपर्यंत फेकू नका. पुढे प्रयोगशाळेत पाठवायची वेळ आली तर तीच सरकी लागते.