गुहेतला लवणस्तंभ गूगल लेन्सला खरंच ओळखता येतो का?

कळमना मार्केटमध्ये संत्र्यांचा ढीग बघून आकार, रंग, ताजेपणा लगेच सांगता येतो. गोड की आंबट, हे मात्र फोड तोंडात टाकल्यावरच कळतं. फोटोवरून दगड ओळखणाऱ्या अ‍ॅपचं असंच आहे. ते साल बघतं.

२०२५ मध्ये बस्तरचं कांगेर घाटी राष्ट्रीय उद्यान युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत आलं. तिथली कुटुमसर गुहा चुनखडकातली आहे. नागपूरच्या आसपास अशी गुहा शोधू नका. शहराच्या पश्चिमेला बेसाल्ट आहे आणि पूर्वेला जुने रूपांतरित खडक. आणि लेणी म्हणाल तर ती माणसाने कोरलेली.

कुटुमसरमध्ये छताला लटकणाऱ्या दगडावर लेन्स धरलं की उत्तर येईल, 'स्टॅलॅक्टाइट'. चूक नाही, पण हे खनिजाचं नाव नाहीच, आकाराचं आहे. छतावरून लटकतो तो स्टॅलॅक्टाइट, जमिनीवरून वर येतो तो स्टॅलॅग्माइट, भिंतीवर पडद्यासारखा पसरतो तो फ्लोस्टोन. मराठीत आपण लवणस्तंभ म्हणतो, पण त्यात बहुतेक वेळा मीठ नसतं.

मग असतं काय? बहुधा कॅल्साइट, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. पाऊस मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन खाली मुरतो, चुना विरघळवतो. गुहेत तो वायू निसटला की चुना थेंबाथेंबाने मागे राहतो. घरी बोअरचं जड पाणी असेल तर गीझरच्या कॉइलवर जो पांढरा थर बसतो, तो जवळपास तेच.

खरी अडचण पुढे आहे. अ‍ॅरागोनाइटचं रासायनिक सूत्र कॅल्साइटचंच, फक्त अणूंची रचना वेगळी. पुण्याजवळ वाघोलीच्या खाणींत सापडणाऱ्या निळ्या कॅव्हॅन्साइट आणि पेंटॅगोनाइटचंही असंच: सूत्र एक, खनिजं दोन. अशी जोडी पक्की ओळखायला एक्स-रे विवर्तन लागतं, म्हणजे स्फटिकावर क्ष-किरण टाकून आतली रचना वाचणं. कॅमेऱ्याला कितीही मेगापिक्सेल असले तरी तो आत बघत नाही.

"घरी नेऊन तपासू," म्हणून तुकडा तोडणारे असतात, म्हणून हे सांगावं लागतं. मेघालयातल्या मॉम्लूह गुहेतल्या एका स्टॅलॅग्माइटच्या थरांमधल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून सुमारे ४,२०० वर्षांपूर्वी पाऊस कमी झाल्याचं कळलं. त्याच आधारे २०१८ मध्ये पृथ्वीच्या इतिहासातल्या चालू कालखंडाला 'मेघालयन' नाव मिळालं. खिशात आलेल्या तुकड्याचा थर आणि जागा दोन्ही हरवतात. राष्ट्रीय उद्यानातून तर काहीच उचलायची परवानगी नसते.

फोन मात्र बाहेर काढा. हात न लावता, टॉर्च बाजूने धरून फोटो घ्या. समोरून फ्लॅश मारला की थर दिसत नाहीत. मोजमापासाठी सोबतच्याला पट्टी धरायला सांगा. पाणी ठिबकत असेल तर व्हिडिओ घ्या, तारीख आणि जागा लिहून ठेवा. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं मध्य विभागाचं कार्यालय आपल्याच सेमिनरी हिल्सला आहे. तिथल्या माणसाला अ‍ॅपच्या उत्तराच्या स्क्रीनशॉटपेक्षा असा फोटो कामाचा.