आकाशातील अंतर आणि घाटातील वाट

दोन विमानतळांमधील अंतर सरळ रेषेने मोजले जाते आणि विमानही साधारणपणे त्याच रेषेने जाते. लिस्बन ते माद्रिद हे सुमारे ५०० किलोमीटरचे अंतर विमान सव्वा तासाच्या आसपास कापते. रस्त्याने तोच प्रवास सहाशेहून अधिक किलोमीटरचा होतो आणि त्याला सुमारे सहा तास लागतात. मात्र घरापासून विमानतळापर्यंतचा वेळ या हिशेबात कुठेच धरला जात नाही. गोव्याच्या सीमेला लागून असलेल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा तालुक्याच्या दृष्टीने तोच वेळ निर्णायक आहे.

सरळ रेषेने पाहिल्यास जोयडा गावापासून हुबळी, दाबोळी आणि बेळगावजवळील सांबरा हे तिन्ही विमानतळ ७० ते ८० किलोमीटरच्या टप्प्यात येतात. एका दुर्गम तालुक्याला तीन विमानतळ जवळजवळ सारख्याच अंतरावर लाभावेत, हे नकाशावर भाग्याचे वाटते. जमिनीवरचे चित्र निराळे आहे. हुबळीची वाट दांडेलीवरून पठारानेच जाते. बेळगावची रामनगर, लोंढा, खानापूर अशी. दाबोळीला यायचे तर सह्याद्री उतरणे अटळ. रामनगरहून अनमोड घाटाने मोलेला उतरावे किंवा अणशी घाटाने कारवार गाठून काणकोणमार्गे यावे. पावसाळ्यात दरड कोसळली वा रस्ता खचला, की हे जवळचे विमानतळ लांबचे होऊन बसते.

मोपामुळे या हिशेबात आणखी भर पडली. ११ डिसेंबर २०२२ रोजी उद्घाटन झालेल्या मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळावरून ५ जानेवारी २०२३ पासून उड्डाणे सुरू झाली. दाबोळीपासून तो सरळ रेषेने सुमारे ४० किलोमीटर उत्तरेस आहे. विमानाला हे अंतर किरकोळ. घाट उतरून आलेल्या प्रवाशाला मात्र ते संपूर्ण रस्त्याने कापावे लागते. शिवाय जोयडा तालुक्यातील कॅसलरॉक स्थानकावरून घाट उतरणारी एकोणिसाव्या शतकातील रेल्वे प्रवाशाला वास्कोला, म्हणजे दाबोळीच्या शेजारीच, आणून सोडते. मोपाला तशी थेट जोड नाही.

दोन्ही विमानतळ सुरू राहतील, असे सरकार वारंवार सांगत आले आहे. परंतु काही विमान कंपन्यांनी दाबोळीवरील सेवा मोपाला हलवल्याने दक्षिण गोव्यात अस्वस्थता आहे. या चर्चेत घाटापलीकडील शेजारी क्वचितच विचारात घेतला जातो. दाबोळीची उड्डाणे घटली, तर जोयड्याचा प्रवासी मोपाला वळेलच असे नाही. घाट टाळून तो हुबळी किंवा बेळगावची वाट धरण्याचीच शक्यता अधिक. त्याच्यासोबत वास्को-मडगाव पट्ट्यातील टॅक्सी, हॉटेल आणि बाजारपेठेचा काही व्यवहारही पूर्वेकडे सरकेल.

म्हणून विमानतळाची उपयुक्तता ठरवताना उड्डाणाच्या मिनिटांबरोबर रस्त्याचे तासही मोजायला हवेत. अनमोड घाट बारमाही सुरक्षित ठेवणे आणि विमानांच्या वेळांशी जुळणारी बससेवा रामनगरपर्यंत नेणे, ही कामे नव्या धावपट्टीइतकी दिमाखदार नाहीत. दाबोळीचा प्रवासी टिकवायचा असेल, तर सुरुवात मात्र तिथूनच करावी लागेल.